उद्यमनगर ते जर्मनी : एका टर्नरचे कागद

"सदर इसम आमचेकडे 2015 पासून टर्नर म्हणून कामास आहे. त्याची वर्तणूक चांगली आहे."

शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी काम करत होतो, तिथल्या मामांनी 2018 च्या दिवाळीत मला दिलेला हा अनुभवाचा दाखला. खाली सही, शिक्का, तारीख. कोल्हापुरात एका शॉपमधून दुसऱ्या शॉपमध्ये जायला एवढं पुष्कळ होतं. बऱ्याचदा एवढंही लागत नाही. नवा मालक लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर, उभा करतो, एक बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ नग, टर्न करायला देतो, धातूची चिप कशी निघते ते बघतो आणि पगार बोलतो. पण मला जर्मनीला जायचं होतं, आणि तेही कायमचं. तिथं माझा हात बघायला कुणी येणार नव्हतं. न्युर्नबर्ग शहरात बसलेला कुणीतरी माझे कागद बघणार होता, आणि त्याला या दोन ओळींतून काहीच कळणार नव्हतं.

आज माझ्याकडे त्या देशाचा कायम वास्तव्याचा परवाना आहे. शिरोली, गोकुळ शिरगावची पोरं फोन करून विचारतात, "दादा, कसं जमवलंस?" एजंट कोण, पैसे किती, पगार किती, हे त्यांचे पहिले प्रश्न असतात. कागदांबद्दल कुणी विचारत नाही. माझी तर निम्मी वर्षं त्यातच गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी करवीर तालुक्यातल्या चिखलीचा. घरची तीस गुंठे जमीन, ऊस. दहावीनंतर 2010 साली कोल्हापूरच्या आयटीआयला टर्नर ट्रेडला लागलो. दोन वर्षं तिथं, मग एक वर्ष अप्रेंटिस. त्यानंतर शिरोलीत एका शॉपला दोन वर्षं आणि 2015 पासून उद्यमनगरात मामांकडे. मामा नात्यातले नाहीत. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मामाच म्हणतात, आणि त्यांनी मला सख्ख्या भाच्यासारखं शिकवलं. एचएसएसचं, म्हणजे हायस्पीड पोलादाचं, कापायचं टूल ग्राइंडरवर कसं घासायचं, कास्टिंगची वरची कातडी पहिल्या कटात कशी काढायची, जॉब धरणाऱ्या चकमध्ये पातळ बुश दबू नये म्हणून किती आवळायचं, हे सगळं त्यांच्या हातून माझ्या हातात आलं.

जर्मनीचं डोक्यात शिरलं ते ड्रॉइंगवरून. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग परदेशात जातं, त्यातलं थोडं मशिनिंग फिरत फिरत आमच्या शॉपला यायचं. त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत जर्मन शब्द असायचे. 'वेर्कश्टोफ' म्हणजे मटेरियल, 'मासश्टाब' म्हणजे स्केल. मापात दशांश बिंदूच्या जागी स्वल्पविराम असायचा, 30.02 ऐवजी 30,02. मी ते शब्द वहीत उतरवून घ्यायचो. माझ्या हातचा नग जर त्यांच्या मशिनीत बसतोय, तर मी तिथं का बसणार नाही, असं वाटायला लागलं. पगार तेव्हा चौदा हजार होता आणि लग्न ठरत नव्हतं, हेही खरं.

पण आधी मी चुकलो, आणि ती चूक महागात पडली. 2017 साली एका एजंटानं कॅनडात सहा महिन्यांत पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, काढून देतो म्हणून सांगितलं. एक लाख वीस हजार घेतले. त्यातले सत्तर हजार आईच्या पाटल्या गहाण ठेवून आणलेले. चार महिन्यांनी त्यानं एक नोकरीचं पत्र दाखवलं. त्यावरच्या कंपनीला मी मेल केला तर त्यांचं उत्तर आलं, की आम्ही असं पत्र दिलेलंच नाही. पुढं एजंटाचा फोन बंद. तक्रार दिली, पैसे काही आले नाहीत. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, तो परवाना ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतो आणि कायद्यानं त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर आईचे हात दोन वर्षं मोकळे राहिले नसते. त्या दिवसापासून ठरवलं, की जे करायचं ते स्वतः वाचून, स्वतः अर्ज भरून.

भाषेपासून सुरुवात केली. राजारामपुरीत एका मॅडमकडे संध्याकाळचा क्लास लावला. शॉप सहाला सुटायचं, साबणानं दोनदा हात धुतले तरी कूलंटचा वास जायचा नाही. बाकी पोरंपोरी इंजिनिअरिंगची. मी मागच्या बाकावर बसायचो. पहिला महिना सगळेच वैतागले होते, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, देअर, दी, दास. इंग्रजी माध्यमाची मुलं पाठांतर करून थकली. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "अरे, तुम्ही मराठी आहात ना? तो, ती, ते तुमच्या तोंडात जन्मापासून आहे." तिथं माझं डोकं उघडलं. मशीन आपल्याकडे ती, त्यांच्याकडेही दी. लोखंड ते, त्यांचं आयझन दास. तेल ते, पाणी ते, घर ते, तिन्ही त्यांच्याकडे दास. सगळे शब्द असे जुळत नाहीत. सूर्य त्यांच्याकडे बाई आहे आणि नदी पुरुष. पण तीन लिंगं असतात ही गोष्टच मला परकी वाटेना.

आकड्यांचंही तसंच. पस्तीस म्हणजे आपल्याकडे आधी पाच, मग तीस. त्यांच्याकडेही 'पाच आणि तीस'. आणि 'कारण' म्हणून वाक्य सुरू केलं की त्यांचं क्रियापद शेवटी जातं: 'वाइल इश इन कोल्हापूर गेआरबाइटेट हाबे'. शब्दाखाली शब्द ठेवा: कारण मी कोल्हापुरात काम केलं आहे. एकही शब्द हलवावा लागत नाही! मला इंग्रजी कधी नीट आलं नाही, शाळेत त्याची भीतीच होती. जर्मन मात्र मराठीच्या अंगानं आली. आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही आणि ती इंग्रजीच्या भीतीनं परदेशाचा विचारच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. ए1, ए2 या भाषेच्या पायऱ्या करत जुलै 2019 मध्ये पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात बी1 ची परीक्षा दिली. पहिल्या फटक्यात बोलण्याच्या भागात नापास, तो भाग डिसेंबरमध्ये पुन्हा दिला तेव्हा सुटलो.

आता मुख्य गोष्ट. टर्नरच्या कामाला जर्मनीत 'त्सेरश्पानुंग्समेखानिकर' म्हणतात. शब्द जिभेवर बसायला मला आठवडा लागला, पण अर्थ सरळ आहे: धातूची चिप काढून नग घडवणारा कारागीर. तिथं हे शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम आणि काही दिवस व्यवसायशाळेत वर्ग. बाहेरच्या कारागिराला त्या दर्जाचा म्हणून मान्यता हवी असेल तर त्याचं शिक्षण आणि अनुभव त्या साडेतीन वर्षांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. उद्योगातल्या ट्रेडसाठी हे काम न्युर्नबर्गचं आयएचके फोसा नावाचं कार्यालय करतं. त्याची फी तेव्हा कामाच्या व्यापाप्रमाणे 100 ते 600 युरो होती. सगळे कागद पोहोचले की तीन महिन्यांत निकाल द्यायचा असा कायदा आहे. मेख त्या 'सगळे कागद' मध्ये आहे.

आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र होतं, अप्रेंटिसशिपचं होतं. पण आयटीआयचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यांचा साडेतीन. मधली तूट अनुभवानं भरून निघते, मात्र तो अनुभव तपशिलानं लिहिलेला हवा. कोणतं मटेरियल, कोणती मशीन, किती टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, कोणती मापनसाधनं, सेटिंग स्वतः करत होता की दुसरा करून देत होता, ड्रॉइंग स्वतः वाचत होता का.

मी दोन ओळींचा दाखला मामांसमोर ठेवला आणि हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरं, तुझं काम मला ठावं हाय. पर लिवायचं म्हंजे काय काय लिवू?"

त्यांनी कपाटातून जॉब रजिस्टर काढली. लाल कापडी पाठीची, तेलाच्या बोटांचे ठसे पडलेली. प्रत्येक पानावर तारीख, पार्टी, नग, मटेरियल, आणि शेवटच्या रकान्यात काम कुणी केलं त्याचं नाव. मामा शाळा सातवीपर्यंत शिकलेले, पण त्यांनी तो रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. आम्ही चार सुट्ट्या घालवल्या. ते वाचायचे, मी वहीत उतरवायचो. 'पंप शाफ्ट, ईएन 8, 40 नग.' 'गनमेटल बुश, 120 नग.' 'फ्लँज, ग्रे कास्टिंग, फेसिंग बोरिंग.' मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "ह्यो आठवतो? ह्या टायमाला तू तीन नग घालवलंवतंस, मग रात्री थांबून भरून दिलंस." 2015 पासूनचं माझं आयुष्य त्या रजिस्टरांत होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. शेवटी चार पानी पत्र झालं. मराठीत मामांचं, त्याचं इंग्रजी क्लासमधल्या एका इंजिनिअर पोरीनं करून दिलं, आणि अधिकृत अनुवादकाकडून जर्मन. अनुवादाचे पैसे पानावर असतात. चार पानं झाली तेव्हा मला ते जड वाटलं होतं. नंतर एकेक ओळ कामाला आली.

शिरोलीच्या शॉपनं मात्र लिहून द्यायला नकार दिला. तिथं पगार हातात मिळायचा, पीएफ कापलाच जात नव्हता. लिहून दिलं तर आपल्यावरच येईल ही त्यांची भीती. तीनदा गेलो, तिसऱ्यांदा गेटवरूनच परत पाठवलं. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी, लेथ मी तिथंच शिकलो होतो. ती दोन वर्षं न्युर्नबर्गच्या हिशेबात आलीच नाहीत. कागद नसतील तर प्रत्यक्ष काम करून दाखवायची सोयही त्यांच्या कायद्यात आहे, पण कोल्हापुरात बसून ती माझ्या आवाक्यात नव्हती. म्हणून मी पोरांना आधी हेच सांगतो: पीएफ कापणारं शॉप धरा, पासबुक दरवर्षी उतरवून ठेवा आणि शॉप सोडायच्या दिवशीच तपशिलाचा दाखला घ्या. मागाहून कुणी देत नाही.

ऑगस्ट 2019 ला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद. चिखलीला पाणी येणं नवं नाही, पण त्या वर्षी ते थांबेचना. दुपारी गोठ्यात, संध्याकाळी उंबऱ्यावर. अण्णा जनावरांच्या मागे, आई धान्याच्या कणगीकडे, आणि मी माळ्यावरची फाइल शोधत होतो. युरियाच्या पोत्याच्या आत जी पातळ प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यात फाइल घातली, सुतळीनं बांधली आणि शर्टाच्या आत पोटाशी धरली. बोटीत बसल्यावर आईनं विचारलं, "काय घेतलंस रं?" मी म्हणालो, "कागद." ती काही बोलली नाही. तिनं काय काय मागं सोडलं होतं ते मला नंतर कळलं. पिशवीला कुठंतरी भोक होतं. आयटीआयच्या प्रमाणपत्राचा खालचा कोपरा भिजला, शाई पसरली. तो डाग आजही आहे. नशिबानं नंबर शाबूत राहिला.

पाणी ओसरल्यावर महिन्याभरानं अर्ज पाठवला. निकालाचं पत्र 2020 च्या जानेवारीत आलं. त्याला ते 'बेशाइड' म्हणतात. सहा पानं होती. अंशतः समकक्ष, असा निकाल. पण तो वाचून मला आनंद झाला, कारण इतक्या बारकाईनं माझं काम आजवर कुणी बघितलं नव्हतं. लेथवरचं काम, मटेरियलची जाण, ड्रॉइंग वाचणं, हे सगळं पूर्ण मान्य. कमी कुठं, तर सीएनसीचं प्रोग्रामिंग आणि गुणवत्ता तपासणीच्या नोंदी. पहिली उणीव म्हणजे शिरोलीची गेलेली दोन वर्षं. दुसरी उणीव मला तेव्हा समजलीच नाही. माप तर मी रोज घेत होतो!

अंशतः मान्यता म्हणजे नकार नव्हे. उरलेलं प्रशिक्षण जर्मनीतल्या कंपनीत पूर्ण करायला वेगळा व्हिसा मिळतो. त्यासाठी शिकवायला तयार असलेली कंपनी स्वतः शोधावी लागते. 1 मार्च 2020 पासून त्यांचा कुशल कामगारांसाठीचा नवा कायदा लागू होणार होता, त्यामुळे कंपन्याही जरा उघडपणे बघत होत्या. मी अर्जांची वही ठेवली होती, त्यात 74 नोंदी आहेत. उत्तरं अकरा आली, व्हिडिओवर बोलणं तिघांशी झालं. त्यातल्या एका घरगुती कंपनीनं होकार दिला, बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका छोट्या गावात. मालकानं मामांच्या पत्राची चारही पानं वाचली होती. त्यातल्या गनमेटलच्या बुशबद्दल त्यानं दोन प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. बोलणं वीस मिनिटांत संपलं.

मग लॉकडाउन. मुंबईतल्या व्हिसाची तारीख रद्द झाली. 2020 कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही, बहुतेक घरांत तसंच गेलं. कंपनी थांबली, त्याचे मी कायम उपकार मानतो. 2021 च्या जानेवारीत मुंबईहून निघालो तेव्हा पासपोर्ट, भिजलेलं प्रमाणपत्र आणि मामांनी दिलेलं जुनं मायक्रोमीटर एवढं हँडबॅगेत होतं. सुरक्षा तपासणीत त्यांनी मायक्रोमीटर उलटसुलट बघितलं आणि जाऊ दिलं.

पोहोचल्यावर पहिला धक्का भाषेचाच. मी पुस्तकातली जर्मन शिकून गेलो होतो आणि ते लोक स्वाबियन ही तिथली बोली बोलत होते. 'मला माहीत नाही' हे मला 'इश वाइस निश्ट' असं माहीत, तिथं 'ई वॉइस नेट'. पुस्तकी मराठी शिकून एखाद्यानं कोल्हापूरच्या गंगावेशीत उतरावं तसं झालं. कामाला जातो म्हणायला त्यांचा 'शाफन' हा वेगळाच शब्द. पण मी कोल्हापूरचा. प्रमाण भाषेच्या बाहेरची भाषा बोलणाऱ्या माणसांत मला परकं वाटलं नाही. दुपारी जेवायला निघालेला प्रत्येक जण समोरच्याला 'मालत्साइट' म्हणतो. जेवणाची वेळ, एवढाच त्याचा अर्थ. मला आपलं "जेवलास का?" आठवायचं.

दुसऱ्या आठवड्यातला एक प्रसंग. माइस्टरनं मला सेंटर लेथवर एक बुश करायला दिला. माइस्टर म्हणजे शॉपचा परीक्षा पास झालेला वस्ताद, साठीच्या आसपासचा. बोर, म्हणजे आतलं भोक, 30 एच7. म्हणजे माप 30.000 ते 30.021 मिलिमीटर यांच्या मध्ये आलं पाहिजे, एकूण 21 मायक्रॉनची जागा. शेवटचा कट मी घेतला, मामांच्या पद्धतीनं जॉब निवू दिला, मग बोअर गेज घातला. 30.009. मधोमध. हातात घेऊन त्याच्यासमोर ठेवला. त्यानं स्वतः मोजून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "गुट. उंड वो श्टेट दास?" ठीक आहे. पण हे लिहिलंय कुठं?

मी गप्प. त्यानं एक छापील कागद पुढं सरकवला. बोरच्या तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, अशी सहा मापं. गेजचा नंबर. शॉपचं तापमान. धातूचं माप 20 अंश सेल्सिअसला धरायचं असं जगभर ठरलेलं आहे. पोलाद एका मीटरला एका अंशामागे साधारण 11 ते 12 मायक्रॉन वाढतं, म्हणून टूलखालून निघालेला गरम जॉब खोटं माप दाखवतो. हे मामांनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. मे महिन्यात आम्ही जॉब ओल्या फडक्यावर ठेवून थांबायचो. पण लिहून ठेवत नव्हतो. बेशाइडमधली दुसरी उणीव म्हणजे काय, ते मला त्या कागदासमोर उभं राहिल्यावर कळलं. सहा मापं घेतली, लिहिली, खाली सही केली. माझ्या सहीनं एखादा नग शॉपबाहेर जाण्याची ती पहिली वेळ.

त्याच वर्षी जुलैच्या मध्यावर जर्मनीच्या पश्चिमेला महापूर आला, आर नदीच्या खोऱ्यात गावं वाहून गेली, देशात 180 च्या वर माणसं गेली. कामावर सगळे त्याबद्दल बोलत होते. आणि आठवड्याभरानं पंचगंगा पुन्हा चढली. रात्रपाळीत अण्णांचा फोन आला, "आम्ही हायस्कुलात आलोय, काळजी करू नगंस." मी मशीन बंद करून बाहेर येऊन उभा राहिलो. माइस्टर माझ्यामागे आला. माझ्या फोनवरचे चिखलीचे फोटो त्यानं एकेक करून बघितले. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, की तुमच्या नदीचं नाव कसं उच्चारायचं.

दहा महिने शिकलो. सीएनसीचा प्रोग्राम लिहिणं, सेटिंग, तपासणीचे तक्ते. कंपनीनं त्याचं प्रमाणपत्र न्युर्नबर्गला पाठवलं आणि जानेवारी 2022 मध्ये पूर्ण समकक्षतेचं पत्र आलं. मार्चमध्ये कुशल कामगार म्हणून वास्तव्याचा परवाना मिळाला. त्याच वर्षी गावी जाऊन लग्न केलं. बायको गडहिंग्लजची. तिनं ए1 ची परीक्षा माझ्यापेक्षा निम्म्या वेळात काढली.

पूर्वी कुशल कामगाराला कायम परवान्यासाठी चार वर्षं थांबावं लागायचं, नोव्हेंबर 2023 पासून ते तीनवर आलं. सोबत 36 महिने पेन्शनचा हप्ता भरलेला हवा. तो पगाराच्या 18.6 टक्के असतो, निम्मा आपला, निम्मा कंपनीचा. शिरोलीत न कापलेल्या पीएफची मला दर महिन्याला आठवण यायची. बी1 होतंच. घरात माणसांपुरती जागा आहे हे दाखवायला भाड्याचा करार दिला. आणि देशाचा कायदा, इतिहास, समाज यांवर 33 प्रश्नांची एक परीक्षा असते, साठ मिनिटांची, त्यात 15 बरोबर हवेत. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो, नीट वाचला तर अवघड नाही. मार्च 2025 ला अर्ज केला, ऑगस्टमध्ये कार्ड हातात आलं. फी 113 युरो.

कायम या शब्दाला अट आहे, हे पोरांना मी मुद्दाम सांगतो. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर तो परवाना साधारणपणे संपतो. 2024 च्या फेब्रुवारीत अण्णा विहिरीजवळ पडले, मांडीचं हाड मोडलं. मला तीन आठवडे रजा मिळाली. चौथ्या आठवड्यात ते काठी धरून पहिल्यांदा उभे राहिले, ते मी व्हिडिओवर बघितलं. मागं बहीण आहे म्हणून निभलं. ज्याच्या मागं कुणी नाही त्यानं हा विचार निघायच्या आधी करावा, विमानात बसल्यावर नव्हे.

आणखी एक. गेल्या वर्षी शेजारचं दहा गुंठ्यांचं रान विकायला निघालं. अण्णांनी फोन केला, "घेतोस का? बांधाला बांध हाय." माझ्याकडे पैसे होते. पण परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली तेवढी ठेवता येते. हे त्यांना समजावून सांगताना माझाच घसा दाटला. ज्या मातीत वाढलो तिथलं दहा गुंठे माझ्या नावावर होणार नाही. शेवटी मी पैसे पाठवले आणि सातबारा अण्णांच्याच नावानं झाला. पासपोर्ट मात्र भारताचाच ठेवलाय. 2024 पासून जर्मनी दोन नागरिकत्वं चालवून घेतं, भारत घेत नाही, आणि मला ते सोडवत नाही.

या दिवाळीत कोल्हापूरला आलो होतो. पहिल्याच दिवशी उद्यमनगरात गेलो. मामा आता लेथवर उभे राहत नाहीत, खुर्चीवर बसून बघतात. मायक्रोमीटर त्यांना परत द्यायला काढलं तर हातात घेतलं, थिंबल दोनदा फिरवलं आणि माझ्याच खिशात ठेवलं. शॉपला दोन नवी पोरं आहेत. त्यातलं एक हुपरीकडचं, टूल घासताना मामांसारखंच डोकं तिरकं करतं. त्याला जर्मनीचं विचारायचं होतं, पण मामांसमोर बोलवत नव्हतं. मामाच म्हणाले, "इचार की त्येला. मी काय अडवणार न्हाई."

मी रजिस्टर मागितली. शेवटचा रकाना अजूनही भरलेला होता. त्या पोराचं नाव शोधत आम्ही तिघं दुपारभर बसलो. मी विचारत होतो, मामा सांगत होते, पोरगं लिहीत होतं. मटेरियल, नग, टॉलरन्स, कोणत्या गेजनं मोजलं. गेजचा नंबर कुठंच नव्हता, तो मी कपाटातून बघून घालायला लावला. अडीच पानं झाली. शिक्का मारायला गेलो तर पॅड वाळलेलं. मामांनी त्यावर तांब्यातलं दोन थेंब पाणी टाकलं, अंगठ्यानं पसरलं आणि म्हणाले, "तारीख आजचीच घाल."